आयएनएस कुरसुरा आणि १९७१चं युद्ध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरहून समता एक्सप्रेसमध्ये बसलं की गोंदिया, रायपूर, रायगडा करत गाडी थेट विशाखापट्टणमला नेऊन सोडते. तिथं गेलेला जवळपास प्रत्येक नागपूरकर आर. के. बीचवरच्या कुरसुरा पाणबुडीत शिरतो आणि अर्ध्या तासात बाहेर पडतो. पाइप, चाकं, काटे सगळं डोळ्यांखालून जातं. हिनं युद्धात नेमकं काय केलं, हा प्रश्न परतीच्या गाडीत पडतो. म्हणून जायच्या आधीच वाचून घ्या.

कुरसुरा म्हणजे कोणती पाणबुडी?

सोव्हिएत बनावटीची, 'फॉक्सट्रॉट' वर्गातली, डिझेल आणि विजेवर चालणारी. भारताने अशा पहिल्या चार पाणबुड्या घेतल्या: कलवरी (८ डिसेंबर १९६७), खांदेरी (डिसेंबर १९६८), करंज (सप्टेंबर १९६९) आणि कुरसुरा (१८ डिसेंबर १९६९, रीगा बंदरात). कलवरीच्या तारखेमुळे ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन ठरला. खांदेरी हे नाव आपल्या अलिबागजवळच्या जलदुर्गाचं, हे वेगळं सांगायला नको.

कुरसुरा ९१.३ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद आहे. पाण्यावर असताना तिचं वजन सुमारे १९५० टन, बुडी मारल्यावर २४७५ टन. आत साधारण ७५ माणसं राहत. या दोन वजनांतला फरक लक्षात ठेवा, पुढे तो उपयोगी पडेल.

१९७१च्या युद्धात तिनं काय केलं?

युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं, पण कुरसुराची गस्त नोव्हेंबरच्या मध्यातच सुरू झाली होती. तिला अरबी समुद्रातलं एक ठरावीक क्षेत्र दिलेलं होतं. हुकूम असे: पाकिस्तानी युद्धनौकेची ओळख पक्की पटली तर ती बुडवायची, व्यापारी जहाजाला मात्र वरून स्पष्ट आदेश आल्याशिवाय हात लावायचा नाही. शिवाय ठरवून दिलेले जहाजमार्ग ओलांडायचे नाहीत. २५ नोव्हेंबरला तिची समुद्रातच करंजशी गाठ पडली आणि सूचना एकीकडून दुसरीकडे दिल्या गेल्या. ३० नोव्हेंबरपर्यंत गस्त घालून ती ४ डिसेंबरला मुंबईला पोचली. त्याच रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, ज्याच्या स्मरणार्थ आपण नौदल दिन पाळतो.

म्हणजे तारखांचा हिशेब लावला तर या गस्तीचे सगळे दिवस युद्ध 'जाहीर' होण्याआधीचे आहेत. पाणबुडीच्या बाबतीत यात नवल काही नाही. तोफ धडाडल्यावर बंदर सोडणारी पाणबुडी उशिराच पोचते, कारण पाण्याखाली ती सायकलच्या वेगानं चालते.

एकही टॉर्पेडो डागला नाही, मग ही युद्धसेवा कसली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक वेळा थोड्या निराशेनं येतो. आमचं मत सरळ आहे: पाणबुडीनं बुडवलेली जहाजं मोजून तिचं काम मोजता येत नाही. ती कुठे आहे हे शत्रूला कळत नसेल, तर त्याला प्रत्येक ठिकाणी ती आहे असं धरून चालावं लागतं. काम तिथंच झालेलं असतं.

दुसरी अडचण 'ओळख पक्की पटवण्या'ची. पेरिस्कोपचं टोक लाटांच्या वर जेमतेम एखादा मीटर काढतात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज साडेतीन-चार किलोमीटरवर संपतं. त्यापलीकडच्या जहाजाचं फक्त वरचं डोलकाठीचं टोक दिसतं. त्यात त्या काळी दोन्ही नौदलांच्या जुन्या विनाशिका ब्रिटिशांकडूनच आलेल्या. पाकिस्तानची खैबर ब्रिटिश, आपली राजपूतही ब्रिटिश. संध्याकाळच्या उजेडात काळी आकृती बघून आपली कोणती आणि त्यांची कोणती हे सांगणं म्हणजे इतवारीच्या गर्दीत पाठमोऱ्या माणसाला नावानं हाक मारणं. चूक झाली तर पाठमोरा माणूस वळून बघतो. इथं शे-दोनशे माणसं मरतात. खात्री करायची तर जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की सोनारवर, म्हणजे आवाजावरून पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावर, सापडायची भीती.

करंजची गस्तही महत्त्वाची होती. तिचे कप्तान विजयसिंह शेखावत यांना वीरचक्र मिळालं आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले.

दोन पाणबुड्या समुद्रात भेटतात, यात विशेष काय?

बरंच. पाण्याखाली पाणबुडीला पाणबुडी दिसत नाही, फक्त ऐकू येते. आणि एकाच कारखान्यातल्या दोन बोटींचा आवाज जरी ओळखीचा असला तरी युद्धाच्या तोंडावर त्यावर विसंबून कोणी राहत नाही. म्हणून प्रत्येकीला वेगळं क्षेत्र देतात आणि मध्ये रिकामी पट्टी ठेवतात. भेट ठरवायची असेल तर जागा, वेळ, दिशा आणि ओळखखूण आधीच पक्की करावी लागते. यातली एक गोष्ट चुकली तर समोरचीला आपण शत्रूच.

कुरसुरानं पाकिस्तानची पाणबुडी 'गाझी' बुडवली ना? चित्रपटात तर भारतीय पाणबुडी लढताना दाखवतात.

नाही. गाझीच्या घटनेत एकही भारतीय पाणबुडी नव्हती. कुरसुरा त्या रात्री देशाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, मुंबईच्या वाटेवर होती. ती आज विशाखापट्टणमला उभी आहे म्हणून हा घोटाळा होतो.

मग गाझी कशी बुडाली?

पीएनएस गाझी ही मूळची अमेरिकेची 'डायब्लो', १९६४मध्ये पाकिस्तानला भाड्यानं मिळालेली. बंगालच्या उपसागरापर्यंत जाऊन परत येण्याचा पल्ला असलेली पाकिस्तानची ती एकमेव पाणबुडी. १४ नोव्हेंबरला ती कराचीहून निघाली, लक्ष्य होतं विमानवाहू विक्रांत. विक्रांत मात्र अंदमानकडे हलवलेली होती, आणि पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी ती विशाखापट्टणमजवळच आहे असा भास निर्माण करायला जुन्या राजपूतचा उपयोग केला. विमानवाहू जहाजाला लागेल एवढी बिनतारी संदेशांची वर्दळ एकटी राजपूत करत होती.

३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री बंदराबाहेर मोठा स्फोट झाला आणि गाझी ९३ जणांसह बुडाली. इथून पुढे मतं फुटतात. भारतीय नौदलाचं म्हणणं, राजपूतनं बंदरातून बाहेर पडताना टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बमुळे, ती गेली. पाकिस्तानचं म्हणणं, तिनंच पेरलेल्या सुरुंगामुळे किंवा आतल्या स्फोटामुळे. तिसरी शक्यता बॅटरीतल्या हायड्रोजनची सांगतात. आमच्या मते या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या इतक्या आड येत नाहीत जितकं वाद घालणारे समजतात: उथळ पाण्यात, जवळ सुरुंग आणि टॉर्पेडो असताना, बाहेरचा एक हादरा आतल्या स्फोटाचं कारण होऊ शकतो.

पाणबुडी बुडी मारते म्हणजे नेमकं काय करते?

आधी वर टेहळणीला उभी असलेली माणसं खाली येतात आणि हॅच, म्हणजे आत शिरायच्या वाटेचं झाकण, बंद होतो. डिझेल इंजिनं थांबतात, त्यांची हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं बंद होतात आणि बोट पुढे ढकलणारे पंखे (प्रोपेलर) विजेच्या मोटरवर जातात. मग बाहेरच्या मुख्य बलास्ट टाक्यांच्या माथ्यावरच्या झडपा उघडतात. हवा वर निघते, खालून समुद्र आत शिरतो. १९५० आणि २४७५ यांतला फरक, म्हणजे सुमारे ५२५ टन, हाच. शेवटी पुढचे-मागचे आडवे पंख खाली झुकवून नाक खाली करतात.

चूक होते ती क्रमात. हवेचं झाकण पूर्ण बसायच्या आधी टाकीची झडप उघडली तर इंजिनखोलीत पाणी येतं. म्हणून प्रत्येक झाकण बंद झाल्याचं नियंत्रण कक्षात वेगवेगळं कळवावं लागतं, आणि शेवटचा अहवाल आल्याशिवाय झडपेचा हुकूम सुटत नाही.

एकदा खाली गेली की तिथं स्थिर राहते का?

आपोआप नाही. पाणबुडीवरचं सगळ्यात किचकट काम हेच आहे, आणि संग्रहालयात नेमकं तेच दिसत नाही. खाली गेलेल्या बोटीचं वजन तिनं बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढं ठेवावं लागतं, तेही टनाच्या हिशेबात. डिझेल जळतं तशी टाकीत समुद्राचं पाणी भरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून बोट दिवसागणिक जड होते. दुसरीकडे धान्य, बटाटे, पिण्याचं पाणी संपतं, तेवढी ती हलकी होते. दहा माणसं पुढच्या खोलीतून मागे गेली तरी नाक वर येतं. म्हणून रोज कागदावर हिशेब मांडून छोट्या टाक्यांमधलं पाणी पुढे-मागे करत राहतात.

यात बंगालच्या उपसागराची एक खोडी आहे, आणि तिचा एक धागा थेट नागपुरात येतो. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा प्राणहितेतून गोदावरीला, आणि गोदावरी उपसागराला. गंगा, महानदी, गोदावरी यांचं पावसाळी गोडं पाणी समुद्राच्या वर पातळ थरासारखं पसरतं. गोडं पाणी हलकं. समुद्राच्या पाण्याची घनता १.०२५ वरून १.०२४ झाली, म्हणजे फक्त हजारात एक भाग कमी झाली, तरी २४७५ टनांची बोट अंदाजे अडीच टनांनी 'जड' वाटू लागते. या थरात वर येताना बोट अचानक खाली ओढली जाते आणि सावध नसलेला माणूस मोटरचा वेग वाढवतो; वेग वाढला की आवाज वाढतो. याच थरांचा फायदाही असतो. थराच्या सीमेवर आवाज वाकतो, आणि वरच्या जहाजाचा सोनार खालच्या बोटीपर्यंत नीट पोचत नाही.

कुरसुरा किती खोल जात असे?

नेहमीच्या कामात कमाल अडीचशे मीटरच्या आसपास, अगदी टोकाची मर्यादा त्याहून थोडी पुढे. सीताबर्डीजवळचा झिरो माइल समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे. नागपूर समुद्रापेक्षा जितकं वर, त्याहून थोडीच कमी ही बोट समुद्राच्या खाली जाऊ शकत होती.

अडीचशे मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पंचवीस किलो भार पडतो. साठ सेंटिमीटर व्यासाच्या हॅचवर ते सत्तर टन होतात. हॅच आतून ढकलून उघडण्याची गोष्ट करणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. पण खरी भीती हॅचची नसते. समुद्राचं पाणी आत-बाहेर नेणारे जे पाइप असतात, त्यांच्या जोडांची असते. हाताचं बोट जाईल एवढं भोक पडलं तरी त्या दाबानं येणारी धार माणसाला उभं राहू देत नाही, आणि धुक्यासारखा फवारा भरून भोक कुठलं हेच दिसत नाही.

बॅटरी किती काळ टिकते?

फॉक्सट्रॉटमध्ये ४४८ सेल असतात, ११२ सेलचे चार गट. प्रत्येक सेलचं वजन काही शे किलो. मोटारीच्या बॅटरीचीच जात, शिसं आणि आम्ल. अगदी हळू, दोन नॉटनं (ताशी पावणेचार किलोमीटरनं) चाललं तर काही दिवस पुरते. पूर्ण वेगानं पळालं तर तासाभरात रिकामी. म्हणून कप्तान वेग शिल्लक ठेवतो, जसा महिनाअखेरीला माणूस पगार शिल्लक ठेवतो.

रिकामी झाली की डिझेल चालवून चार्ज करायची. त्यासाठी रात्री पेरिस्कोपच्या खोलीवर येऊन स्नॉर्कल नावाची नळी वर काढतात आणि तिच्यातून हवा घेतात. लाट मोठी आली की नळीच्या तोंडावरची झडप पाणी आत येऊ नये म्हणून आपटून बंद होते. इंजिन मात्र चालूच असतं आणि मग ते बोटीतलीच हवा ओढतं. कानाचे पडदे ताणतात, झोपलेला माणूस दचकून उठतो. झडप लगेच उघडली नाही तर इंजिन थांबवायचं. धूर आत भरण्यापेक्षा बॅटरी अर्धवट राहिलेली बरी.

चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते. म्हणून बॅटरीचे पंखे बंद पडणं ही डिझेल पाणबुडीवरची मोठी आणीबाणी. समुद्राचं पाणी बॅटरीत शिरलं तर त्यातून क्लोरीन निघतो.

इतकी माणसं श्वास कशावर घेत?

वर आल्यावर ताजी हवा मिळतेच. खाली दीर्घकाळ राहायचं झालं तर सोव्हिएत बोटींवर पोटॅशियमच्या संयुगाच्या पट्ट्या असत. त्या कार्बन डायऑक्साइड शोषून ऑक्सिजन सोडतात. उपाय चांगला, पण पट्टीला तेल लागलं की पेट घेते. तेलानं माखलेल्या बोटीत ही अट पाळणं किती अवघड, ते इंजिनखोलीतली लादी बघितल्यावर कळतं.

आत राहणं कसं होतं?

उकाडा. ही बोट थंड समुद्रासाठी बांधलेली. तीन डिझेल इंजिनं बंद करून बुडी मारली की त्यांची धग आतच राहते. मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या बंद खोलीत कूलर बिघडलाय, शेजारी तीन भट्ट्या नुकत्याच विझल्यात, आणि पंचाहत्तर जण आहेत, असं समजा. त्यात गोडं पाणी मोजून मिळायचं. अंघोळ विसराच. डिझेलचा वास कपड्यात, गादीत, पोळीतही.

मागच्या टॉर्पेडो खोलीत बघा: माणसांचे बंक टॉर्पेडोच्या नळ्यांपासून हातभर अंतरावर आहेत. तिथला कोपरा सगळ्यांना गोष्टीसारखा वाटतो, पण झोपायला ती त्यातल्या त्यात बरी जागा. इंजिनखोलीलगतची त्याहून वाईट.

टॉर्पेडो डागणं कितपत अवघड?

पुढे सहा आणि मागे चार अशा दहा नळ्या, व्यास ५३३ मिलिमीटर. एकूण २२ टॉर्पेडो, किंवा त्यांच्या जागी सुरुंग. हिशेब असा: समोरचं जहाज १२ नॉटनं चाललंय, म्हणजे सेकंदाला सहा मीटरच्या वर. टॉर्पेडो ४० नॉटचा, सेकंदाला सुमारे साडेवीस मीटर. दोन किलोमीटर कापायला त्याला साधारण ९७ सेकंद लागतात. तेवढ्यात जहाज ६०० मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून नेम जहाजावर नाही, ते जिथं असेल त्या रिकाम्या पाण्यावर धरायचा. वेगाचा अंदाज दोन नॉटनं चुकला तर टॉर्पेडो शंभर मीटर बाजूनं जातो, आणि मध्यम फ्रिगेटची लांबीही तेवढीच असते. आवाजाचा माग काढणारा टॉर्पेडो ही चूक थोडी सांभाळून घेतो.

टॉर्पेडो सुटताच बोटीचं नाक सुमारे दोन टनांनी हलकं होतं. ते वजन पाण्यानं वेळेत भरून काढलं नाही तर नाक वर उसळतं, आणि नेमक्या त्या क्षणी पेरिस्कोपऐवजी बोटीचा माथा शत्रूला दिसतो.

त्या युद्धात पाणबुडीनं जहाज बुडवलंच नाही का?

बुडवलं, पण आपलं. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवपासून काही मैलांवर पाकिस्तानच्या हंगोर या फ्रेंच बनावटीच्या पाणबुडीनं आयएनएस खुकरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले. त्यांना महावीरचक्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीनं युद्धनौका बुडवण्याची ती पहिली घटना. पाणबुडीचं काम कळायचं असेल तर कुरसुराइतकीच खुकरीही समजून घ्यावी लागते.

युद्धानंतर कुरसुराचं काय झालं?

सुट्या भागांची टंचाई आली, तेव्हा तिचे भाग काढून इतर बोटींना लावले गेले. १९८० ते १९८२ दरम्यान सोव्हिएत रशियात दुरुस्ती होऊन ती पुन्हा उभी राहिली. २७ फेब्रुवारी २००१ला सेवेतून निवृत्त झाली, तोवर ७३,५०० सागरी मैल झाले होते. शेवटचे ६०० मीटर, म्हणजे समुद्रातून वाळूवर आणण्याचं काम, दीड वर्ष चाललं आणि साडेपाच कोटी खर्च झाले. ऑगस्ट २००२मध्ये संग्रहालय सुरू झालं.

नागपूरहून बघायला जाताना काय लक्षात ठेवावं?

सोमवारी बंद असते. समता रोज नसते, त्यामुळे परतीचं तिकीट आधी काढा. दोन कप्प्यांमधल्या दारातून जाताना एक पाय आधी टाका, मग डोकं, मग दुसरा पाय; डोकं आधी घातलं की कपाळ आपटतं. गुडघे दुखणाऱ्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगा की मधूनच मागे फिरता येत नाही, रांग एकाच दिशेनं चालते. आतमध्ये माहिती सांगणारे बरेचदा निवृत्त पाणबुडीवालेच असतात. त्यांना 'हे काय आहे' असं विचारू नका, 'हे बिघडलं तर काय करायचं' असं विचारा. उत्तर कितीतरी मोठं मिळतं. रस्त्यापलीकडे टीयू-१४२ विमानाचं संग्रहालय आहे, पाणबुड्या शोधणारं विमान. तेही त्याच दिवशी बघा.

आमच्या मुलाला पाणबुडीत जायचं आहे, समुद्र तर त्यानं पाहिलाही नाही.

अडचण नाही. आधी नौदलात भरती व्हावं लागतं, मग पाणबुडीसाठी स्वेच्छेनं नाव द्यावं लागतं. वैद्यकीय तपासणी कडक असते. प्रशिक्षण विशाखापट्टणमच्याच आयएनएस सातवाहनमध्ये होतं. पोहायला मात्र आत्ताच शिकवा.